अपयशाचा अर्थ आणि पंडिता रमाबाई

बसवनगुडी हे नाव नंदीच्या देवळावरून पडले. कन्नडमध्ये बसव म्हणजे नंदी आणि गुडी म्हणजे देऊळ. देऊळ केंपेगौडाच्या काळचे, म्हणजे सोळाव्या शतकातले; परंतु त्याच्या भोवतीची ही रुंद रस्त्यांची, झाडांची आणि अंगणांची वस्ती मात्र साधारण सव्वाशे वर्षांचीच. १८९८ साली हुबळीकडून आगगाडीने प्लेग बंगळुरात आला. जुन्या पेठांच्या दाटीत त्याला आवरणे कठीण गेले. मोकळ्या हवेच्या ज्या नव्या वसाहतींची आखणी त्या दशकात चालली होती, त्यांच्या उभारणीस या साथीने वेग दिला. उत्तरेकडे मल्लेश्वरम् आणि दक्षिणेकडे बसवनगुडी ही त्यांपैकी दोन प्रमुख होत. आज येथे भाड्याने राहणाऱ्या आम्हां मराठी नोकरदारांना ज्या सावलीचे सुख लाभते, तिच्या मुळाशी एक मोठी आपत्ती आहे.

येथून सोलापूरमार्गे पुण्यास जाणाऱ्या गाडीत दौंड मागे पडले की थोड्याच वेळात केडगाव लागते. आपल्यापैकी अनेकांनी ते स्थानक डुलक्या घेत ओलांडले असेल. तेथील ‘मुक्ती’ ही वसाहतही त्याच प्लेगच्या वर्षांतली. १८९७ साली पुण्यात साथीचे निर्बंध कडक झाले. दुष्काळी मुलुखातून आणलेल्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले, आणि पंडिता रमाबाईंनी त्या मुलींना घेऊन केडगावच्या माळाची वाट धरली. फळबाग लावून संस्थेला थोडे उत्पन्न व्हावे एवढ्याचसाठी ती जमीन त्यांनी घेऊन ठेवलेली होती. तेथे त्यांच्या हयातीतच एक गाव उभे राहिले.

आपत्तीतून वसाहती निर्माण होतात, ही इतिहासातील नवलाची गोष्ट नव्हे. बसवनगुडी संस्थानच्या कारभाराने उभी केली. त्यामागे आरोग्याचा विचार होता, अभियंते होते, खजिना होता. केडगावामागे यांपैकी फारसे काही नव्हते. तेथे होती एक विधवा, आणि अपयश व हालअपेष्टा यांकडे पाहण्याची तिची एक विशिष्ट दृष्टी. ती दृष्टी ख्रिस्ती होती. महाराष्ट्रात तिच्याविषयी अनुकूल आणि प्रतिकूल पुष्कळ लिहिले गेले. पण वाद बहुधा धर्मांतराभोवतीच फिरत राहिला. या दृष्टीत नेमके काय होते आणि तिने प्रत्यक्ष आयुष्यात काय केले, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

संकट आले की मनुष्याच्या मनात पहिला प्रश्न उठतो तो कारणाचा. हे माझ्याच वाट्याला का आले? आपल्याकडे याचे उत्तर बहुधा प्रारब्धात शोधले जाते. ते उत्तर अगदीच टाकाऊ नाही. त्याने असंख्य माणसांना दुःख सोसण्याचे बळ दिले आहे. परंतु त्याच उत्तराने दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविण्याची सोयही करून दिली, हे नाकारता येणार नाही. बालविधवेचे दुःख हे तिच्याच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, असे एकदा मानले की समाजाला करावयाचे काही उरतच नाही.

ख्रिस्ती धर्मग्रंथातही हा प्रश्न पुनःपुन्हा येतो. ईयोबाच्या कथेत एका सज्जनाची संपत्ती, संतती आणि प्रकृती एकामागून एक नष्ट होते. त्याचे मित्र त्याला समजावीत बसतात, की तुझ्या हातून काही पाप घडले असलेच पाहिजे. ईयोब ते मान्य करीत नाही, आणि कथेच्या अखेरीस देवही त्या मित्रांनाच दोष देतो. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध मनुष्याचा प्रसंग आहे. शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला तो स्वतःच्या पापामुळे की आईबापांच्या? येशू दोन्ही कारणे नाकारतो. देवाचे कार्य या मनुष्याच्या ठायी दिसावे म्हणून असे झाले, असे सांगतो आणि त्याच्या डोळ्यांवर उपचार करावयास लागतो. शिष्यांची नजर मागे, पापाच्या हिशेबाकडे होती; येशू ती पुढे, करावयाच्या कामाकडे वळवितो. या धर्माच्या केंद्रस्थानी तर वधस्तंभ आहे. जगाच्या मापाने ते पूर्ण अपयश होते. अनुयायी पांगले, गुरूला गुन्हेगाराचे मरण आले. अपयश म्हणजे देवाने टाकून दिल्याची खूण नव्हे, असे म्हणण्याचा ख्रिस्ती माणसाचा आधार त्या प्रसंगात आहे.

हा विचार मराठी मनाला सर्वथा परका होता असेही नाही. सतराव्या शतकातील दुष्काळात तुकोबांची पत्नी आणि मुलगा गेला, वाण्याचा धंदा बुडाला, आणि तरीही त्या दिवाळ्यात त्यांना देवाची कृपा दिसली. पुढे नारायण वामन टिळकांनी आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे म्हटले, ते उगाच नव्हे. परंतु विचार वाचणे निराळे आणि तो आयुष्याला लावून पाहणे निराळे. रमाबाईंनी तो कसा लावला, हे पाहण्यासाठी त्यांच्या जन्मभूमीपासून आरंभ केला पाहिजे. आणि ती जन्मभूमी आपण राहतो त्याच कर्नाटकात आहे.

तुंगा, भद्रा आणि नेत्रावती यांचा उगम जेथे आहे, त्या सह्याद्रीतील गंगामूळ येथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे कारकळजवळच्या माळ येथील चित्पावन घराण्यातले. स्त्रियांनी संस्कृत शिकावे असा त्यांचा आग्रह होता. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी स्वतः शिकविले आणि त्यापायी विद्वानांचा रोष पत्करला. पुढे गरिबी आली. कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडू लागले. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळाने मद्रास इलाख्यात त्यांना गाठले. वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याथोडक्या महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास एवढेच उरले.

त्या दशकाच्या अखेरचा, १८७६ ते १८७८ चा दुष्काळ म्हैसूर संस्थानावर कसा कोसळला, हे शिरगणतीचे आकडेच सांगतात. १८७१ साली संस्थानची लोकसंख्या पन्नास लाखांवर होती; १८८१ साली ती बेचाळीस लाखांच्या आत आली. दहा वर्षांत जी वाढावयाची ती आठ लाखांहून अधिक घटली. या आकड्यांमागे जी भूक होती, ती रमाबाईंनी तरुण वयात स्वतः भोगली. व्रते केली, देवळे पुजली, होते नव्हते ते दान केले, आणि तरीही घरची माणसे उपाशी मेली. पुढे ‘साक्ष’ म्हणून जे आत्मनिवेदन त्यांनी लिहिले, त्यात या दिवसांची हकीकत विस्ताराने आहे. जुन्या श्रद्धेला पहिला तडा गेला तो येथे, कोणा मिशनऱ्याच्या घरी नव्हे.

बहीणभाऊ हजारो मैल पायी हिंडून १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु सुख टिकले नाही. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ साली मनोरमेचा जन्म झाला, आणि १८८२ च्या आरंभी पती पटकीने गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी रमाबाईंच्या गाठीशी विद्या, एक तान्ही मुलगी आणि एवढे मृत्यू होते.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथेही अपयशच वाट पाहत होते. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला. सोबत नेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेज येथे आत्महत्या केली. या धक्क्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

खचलेल्या बाईने आधारासाठी धर्म बदलला, असे यावर सहज म्हणता येईल, आणि तसे म्हटलेही गेले. त्यात काही अंश सत्य असेल. दुःख माणसाला दारे ठोठवावयास लावतेच. परंतु त्यांच्या स्वतःच्या सांगण्यात एक निराळी गोष्ट महत्त्वाची आहे. लंडनजवळ फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनींनी चालविलेले आश्रयस्थान त्यांनी पाहिले. ज्यांना आपल्याकडे कोणी उंबऱ्याशीही उभे करणार नाही, अशा बायकांची शुश्रूषा भल्या घरच्या स्त्रिया करीत होत्या. असे का, या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. म्हणजे रमाबाईंना या धर्माकडे ओढले ते दुःखाच्या एखाद्या समर्थनाने नव्हे, तर दुःखितांसाठी चाललेल्या कामाने. शिवाय त्या मुकाट्याने मान डोलविणाऱ्या अनुयायीही नव्हत्या. त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर त्यांनी वाँटेजच्या भगिनींशी आणि धर्माधिकाऱ्यांशी पत्रांतून कसून वाद घातला. जो प्रश्न पडे तो दाबून टाकणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे विधवांच्या शिक्षणासाठी बोस्टन येथे साह्यसंस्था स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले. त्याची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाल्यावर त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे पुरुष संस्थेच्या सल्लागार मंडळावर होते. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, असे ठरलेले होते.

१८९३ साली ही घडी मोडली. रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला मुली येऊन बसतात, अशी तक्रार उठली. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी घरी नेले. निःपक्षपातीपणे पाहता दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्यासारखे आहे. तटस्थतेच्या वचनावर विसंबून पालकांनी मुली पाठविल्या होत्या, त्यांची धास्ती खोटी नव्हती. रमाबाईंचे म्हणणे असे, की माझ्या खोलीचे दार मी कोणावर लादीत नाही, पण कोणापुढे बंदही करणार नाही. न्याय कोणाच्याही बाजूने द्यावा. पुणेकर समाजाच्या सहकार्याने विधवांचे शिक्षण करावयाचे, हा त्यांचा मूळ संकल्प मात्र तेथे फसला. ज्या सुधारकांच्या बरोबरीने त्या उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्यापासून त्यांची वाट कायमची वेगळी झाली.

आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतील माणसांना अपयश बहुधा कागदावर भेटते. बढतीच्या यादीत नाव नसते, विभागीय परीक्षेचा निकाल प्रतिकूल लागतो, घराजवळच्या बदलीचा अर्ज ‘विचार झाला’ एवढ्या शेऱ्यानिशी परत येतो. त्यानंतर कित्येकांची वर्षे त्या एका कागदाशी मनातल्या मनात वाद घालण्यात जातात. रमाबाईंपुढेही असा वाद घालण्यास सामग्री भरपूर होती. पण १८९३ नंतर आपली बाजू सिद्ध करीत त्या बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात मुली अन्नावाचून मरत आहेत आणि त्यांना विकत घेणारे टपून बसले आहेत, हे कळताच त्या तिकडे निघाल्या. वीस वर्षांपूर्वीची आपली भूक त्यांना तेथे दिसली. शेकडो मुली त्यांनी आणल्या. पुढे गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या. १९०० च्या सुमारास केडगावला दीड हजार माणसांचा संसार चालू होता. तेथे शेती होती, दुभती जनावरे होती, माग होते, छापखाना होता. अंध मुलींसाठी वेगळी सोय होती, आणि जगाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. पुण्याच्या सोवळ्या घरांतील मोजक्या विधवांसाठी काढलेली संस्था मोडता मोडता जातीपातीचा विचार न करणारी, कोणाही निराधार स्त्रीची झाली.

मुक्तीतील बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या, हे येथे सांगितलेच पाहिजे. भुकेल्या अवस्थेत आलेल्या, अन्न देणाऱ्याच्याच छपराखाली राहणाऱ्या मुलीचे धर्मांतर कितपत स्वेच्छेचे, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो आजही रास्त आहे. रमाबाईंच्या थोरवीने तो मिटत नाही. परंतु त्या माळरानावर आणल्या नसत्या तर त्या मुलींचे काय झाले असते, हा प्रतिप्रश्नही तितकाच खरा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. दुःखाला अर्थ असतो असे मानणाऱ्या प्रत्येक धर्मापुढे एक धोका उभा असतो. दुःख जर देवाच्या योजनेतले, तर ते सोसावे हेच बरे, असा उपदेश त्यातून सहज निघतो. आणि हा उपदेश करणारा बहुधा सोसणारा नसतो. ख्रिस्ती उपदेशकही यातून सुटलेले नाहीत. रमाबाईंच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे दिसते, की त्यांनी एक भेद कटाक्षाने पाळला. अर्थ शोधावयाचा तो स्वतःच्या दुःखाचा. दुसऱ्याच्या दुःखावर शोधावयाचा तो उपाय. स्वतःचे वैधव्य, बहिरेपण, लोकापवाद हे सारे त्यांनी देवाच्या हातातले म्हणून स्वीकारले. पण कोणा विधवेला त्यांनी ‘तूही सोस’ असे सांगितले नाही. तिला त्यांनी वाचावयास शिकविले, खिळे जुळवावयास शिकविले, पायांवर उभे केले. जन्मांधाच्या प्रसंगाचा त्यांनी केलेला हा अर्थ होय.

या भेदाची दुसरी बाजू त्याच काळातील आणखी एका घरात दिसते. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांचा आनंद खरा होता. पण त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी दिली. नवरा असून विधवेसारखी पाच वर्षे त्यांनी काढली आणि १९०० साली स्वतःच्या निर्णयाने त्याही ख्रिस्ती झाल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यात हालांची मोजदाद थोडी आणि हसणे फार आहे. आपल्या दुःखाला भव्यता द्यावयाची नाही, एवढे पथ्य त्यांनी पाळले. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. लहानपणी अक्षरओळखही नसलेल्या या बाईने ते पुढे नेले आणि मोठा भाग स्वतः रचला. पतीचे अपुरेपण तिने काम म्हणून उचलले.

रमाबाईंची अखेरची परीक्षा सर्वांत कठीण होती. मनोरमा ही त्यांची एकुलती मुलगी, उजवा हात आणि संस्थेची वारसदार. तिच्याच साहाय्याने १९१२ साली निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्यास, शाळा निघाली. येथून पुण्यास जाताना तेही स्थानक वाटेत लागते. १९२१ साली मनोरमा वारली. रमाबाई त्या वेळी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर पुरे करीत होत्या. उतारवयात त्या भाषा शिकून, कमी शिकलेल्या बायकांना समजेल अशा मराठीत ते उतरविण्याचा त्यांचा हा उद्योग अनेक वर्षांचा होता. मुलीच्या मृत्यूनंतरही त्यांनी तो सोडला नाही. काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. मुद्रण केडगावच्या छापखान्यात तेथल्याच बायकांनी केले आणि १९२४ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला.

जगाच्या मापाने हाही उद्योग सफल झाला असे म्हणवत नाही. मराठी मंडळ्यांतून सर्वत्र रूढ झाले ते बायबल सोसायटीचे भाषांतर. रमाबाईंचे थोड्यांच्याच हाती राहिले. पण त्याच्या छपाईसाठी ज्या मुलींनी खिळे जुळविले, त्यांतील कितीजणी एके काळी रस्त्याकडेला मरावयास पडलेल्या होत्या! भाषांतर खपले किती, हा हिशेब त्यांच्यापुढे फार लहान वाटतो.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकाने यातून काय घ्यावे? धर्म घ्यावा असे म्हणण्याचा प्रस्तुत लेखकाला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. परंतु अपयश हा आपल्या योग्यतेवरचा शेवटचा शेरा नव्हे, आणि हालअपेष्टा ही कोणाच्या पापाची पावती नव्हे, एवढे तरी कोणत्याही देवघरासमोर उभे राहून मानता येईल. परमुलखात, आप्तांपासून दूर असता या दोन्हींची गाठ वारंवार पडते. अशा वेळी ‘हे माझ्याच वाट्याला का’ या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंनाही पूर्ण मिळाले असेल असे वाटत नाही. शेजारी कोण उपाशी आहे, हे विचारण्यासाठी मात्र त्या उत्तराची वाट पाहत थांबल्या नाहीत.